हरताळ आणि काकपद : छायाचित्रांच्या मूलरक्षी संस्करणाची पूर्वपीठिका

१

चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात, नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ५० मैलांवर, देवटेक नावाचे एक लहानसे गाव आहे. येथे सापडलेल्या एका मोठ्या शिळेवर दोन लेख आहेत. पहिला प्राकृत भाषेत असून त्याची लिपी अशोककालीन ब्राह्मी आहे. चिकंबरी या स्थळी प्राण्यांना पकडू व मारू नये, अशी कोणा स्वामीची आज्ञा त्यात नमूद आहे. दुसरा लेख त्यानंतर सुमारे सहा शतकांनी, म्हणजे इसवी सनाच्या चौथ्या शतकात, कोरला गेला. त्यात त्याच परिसरातील रुद्रसेन राजाच्या धर्मस्थानाचा निर्देश येतो. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या अशोकलेखांच्या ग्रंथात या शिळेची दखल घेतली होती. तथापि तिचे खरे मर्म उलगडले ते महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी. म्हैसूर येथे १९३५ साली भरलेल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेत त्यांनी या लेखांवर नवा प्रकाश टाकला. पहिला लेख अशोकाच्या धर्ममहामात्राने कोरविला असावा आणि दुसऱ्यातील रुद्रसेन हा वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कट्टर शैव असलेल्या या राजाला, जीवहत्येस मनाई करणारा जुना लेख ज्या शिळेवर होता तीच शिळा आपल्या लेखासाठी वापरण्यात काही गैर वाटले नाही, ही गोष्टही मिराशींनी आवर्जून दाखवून दिली आहे. पुढे ही शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात नेण्यात आली.

जुन्या आज्ञेची जी अक्षरे गेली ती कोणत्याही उपायाने परत येणार नाहीत. कोणी तरी एके काळी असे ठरविले की, या दगडाचा आजचा उपयोग त्याच्या कालच्या मजकुरापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. असा निर्णय घेण्याचा प्रसंग केवळ राजांवरच येतो असे नाही. अंकीय छायाचित्र संगणकावर उघडून ते थोडे उजळ करणारा आणि मूळ फाइलीवरच ते जतन करणारा प्रत्येक अभ्यासक नकळत तोच निर्णय घेत असतो. छायाचित्राचे संस्करण मूळ प्रतीला धक्का न लावता करण्याची जी पद्धती गेल्या तीन दशकांत विकसित झाली, तिला इंग्रजीत ‘नॉन-डिस्ट्रक्टिव्ह एडिटिंग’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘मूलरक्षी संस्करण’ ही संज्ञा योजली आहे. ही पद्धती संगणकतज्ज्ञांना अकस्मात सुचलेली युक्ती नाही. ग्रंथसंपादकांनी व पुराभिलेखज्ञांनी फार पूर्वीच मान्य केलेल्या तत्त्वाचा तो नवा अवतार होय, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२

आपल्याकडील हस्तलिखितांत चूक दुरुस्त करण्याच्या दोन रीती आढळतात. पहिली हरताळाची. चुकलेल्या अक्षरांवर हरताळ या पिवळ्या द्रव्याचा लेप द्यावयाचा, तो वाळला की त्यावर नवी अक्षरे लिहावयाची. ‘हरताळ फासणे’ हा मराठीतील वाक्प्रचार या क्रियेवरूनच रूढ झाला. आणि केलेले सर्व व्यर्थ घालविणे हा त्याचा अर्थ पाहता, भाषेने या रीतीचे मर्म अचूक टिपले आहे असेच म्हणावे लागते. दुसरी रीत काकपदाची. जेथे अक्षर सुटले असेल तेथे कावळ्याच्या पावलासारखी खूण करावयाची आणि सुटलेला मजकूर समासात लिहावयाचा. या रीतीत मूळ ओळ जशीच्या तशी राहते, दुरुस्ती तिच्याबाहेर राहते, आणि दोहोंचा संबंध खुणेने कळतो. नंतरच्या वाचकाला दुरुस्ती मान्य नसेल तर तो मूळ पाठाकडे परत जाऊ शकतो. हरताळाच्या रीतीत हे स्वातंत्र्य त्याला नसते.

एकोणिसाव्या शतकातील पुराभिलेखविद्येचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दोन रीतींमधील संघर्षाचा इतिहास आहे. आरंभीच्या अभ्यासकांनी लेखांच्या नकला डोळ्यांनी पाहून हाताने काढल्या. अशा नकलेत दगडावरील अक्षर कोणते आणि नकलकाराने मानलेले अक्षर कोणते, हे निराळे करता येत नाही. पुढे शाईच्या ठशांचा प्रघात पडला, तरी छपाईपूर्वी त्या ठशांतील पुसट अक्षरे हाताने गिरवून ठळक करण्याचा मोह सुटला नव्हता. जॉन फेथफुल फ्लीट यांनी १८८८ च्या आपल्या गुप्तलेखसंग्रहात लेखांच्या प्रतिकृती निव्वळ यांत्रिक असाव्यात, त्यांवर हात फिरविलेला नसावा, असा आग्रह धरला. वाचन संपादकाचे, परंतु ठसा दगडाचा, ही सीमारेषा त्यामुळे स्पष्ट झाली. चमक येथील वाकाटक ताम्रपटासारखे विदर्भातील लेख त्या ग्रंथात याच शिस्तीने प्रसिद्ध झाले आहेत.

ग्रंथसंपादनाच्या क्षेत्रात हे तत्त्व पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत परिपूर्ण झाले. १९१९ साली आरंभिलेले व १९६६ साली पूर्ण झालेले हे कार्य १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर यांच्या संपादकत्वाखाली शास्त्रीय पायावर उभे राहिले. त्यांनी सिद्ध केलेल्या पानाची रचना येथे विशेष विचारात घेण्याजोगी आहे. वर निश्चित केलेला पाठ, खाली निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद, आणि जेथे संपादकाला पुरती खात्री नाही त्या पाठाखाली नागमोडी रेघ. संपादकाने निवड केली, पण नाकारलेले पाठ नष्ट केले नाहीत; आणि स्वतःच्या शंकेचीही नोंद ठेवली. भाषाशास्त्रज्ञ सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४१ साली भारतीय पाठचिकित्सेवर जो ग्रंथ लिहिला, त्याने ही शिस्त पुढील पिढीच्या हाती दिली.

३

छायाचित्रणकलेतही मूळ व संस्करण हा भेद आरंभापासून आहे. १८३९ साली जाहीर झालेल्या दागेरच्या पद्धतीत चित्राची एकच प्रत निघे. टॅलबटने १८४१ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत मात्र प्रथम व्यस्त प्रत, म्हणजे निगेटिव्ह, तयार होई व तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येत. अंधाऱ्या खोलीत प्रत काढताना एखादा भाग हाताने झाकून उजळ ठेवणे, दुसरा अधिक प्रकाश देऊन गडद करणे, हे सर्व निगेटिव्हला स्पर्श न करता होत असे. दुसऱ्या बाजूस, निगेटिव्हवरच पेन्सिलीने व कुंचल्याने चेहरे गुळगुळीत करण्याची कलाही लवकरच उदयास आली. म्युनिकच्या हान्फस्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात अशा सुधारलेल्या निगेटिव्हचे प्रात्यक्षिक दाखविले. त्याच्या एक वर्ष आधी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती व डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक होते. काकपद आणि हरताळ या दोन्ही रीती अशा प्रकारे काचेवरही एकमेकींशेजारी नांदू लागल्या.

अंकीय छायाचित्रात निगेटिव्हचे स्थान कोणते, हा प्रश्न प्रथम कोणाच्या ध्यानी आला नाही. कॅमेऱ्यातील संवेदकाचा प्रत्येक बिंदू केवळ प्रकाशाची मात्रा मोजतो. त्याला रंग कळत नाही. म्हणून ईस्टमन कोडॅक कंपनीचे ब्राइस बायर यांनी, १९७६ साली पेटंट मिळालेल्या आपल्या रचनेत, बिंदूंवर लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी बसविली. तीत निम्मे बिंदू हिरव्याचे आणि प्रत्येकी पाव लाल व निळ्याचे असतात. प्रत्येक ठिकाणी न मोजलेले उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने ठरवावे लागतात. ही मोजमापे जशीच्या तशी साठविणाऱ्या फाइलीला ‘रॉ’ म्हणतात. तीत प्रत्येक बिंदूसाठी १२ वा १४ बिट, म्हणजे ४,०९६ अथवा १६,३८४ पायऱ्या असतात. १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपेग स्वरूपात, नेहमीच्या वापरात, त्या रंगागणिक २५६ उरतात. शिवाय फाइल लहान करण्यासाठी बारीक तपशील गाळला जातो आणि चित्र बदलून पुनःपुन्हा जतन केल्यास दर खेपेस आणखी काही गळते. सारांश, रॉ हे निगेटिव्ह आणि जेपेग ही त्यावरून काढलेली प्रत होय.

४

संगणकावरील चित्रसंस्करणाचा आरंभकाळ हा हरताळाचा काळ होता. टॉमस व जॉन नोल या बंधूंनी लिहिलेल्या फोटोशॉपची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आली. तीत केलेला प्रत्येक बदल थेट बिंदूंच्या मूल्यांवर होई आणि फक्त शेवटचीच कृती मागे घेता येई. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लेयर’ म्हणजे थर आले. मूळ चित्रावर जणू पारदर्शक पत्रा ठेवून त्यावर काम करणे त्यामुळे शक्य झाले. १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत याहून मूलगामी बदल घडला. ‘ॲडजस्टमेंट लेयर’ या थरात चित्र नसून केवळ सूचना असते : खालचे चित्र इतके उजळ करून दाखवावे. थर काढून घेतला की मूळ चित्र पूर्ववत दिसते. संगणकाच्या समासात उमटलेले हे पहिले मोठे काकपद होय, असे म्हणावयास हरकत नाही.

यानंतरचे पाऊल रॉ फाइलींनी टाकविले. प्रत्येक उत्पादकाची रॉ फाइल निराळी व तिची रचना बहुधा अप्रकट असे. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून ‘डीसीरॉ’ हा मुक्त कार्यक्रम लिहून या फाइली वाचण्याचा मार्ग सर्वांना खुला केला. ॲडोबीचे ‘कॅमेरा रॉ’ २००३ साली आले व २००४ साली त्याच कंपनीने ‘डीएनजी’ हे उघड स्वरूप जाहीर केले. ॲपलचे ‘ॲपर्चर’ २००५ साली, ॲडोबीचे ‘लाइटरूम’ २००७ साली आणि मुक्त परंपरेतील ‘डार्कटेबल’ २००९ साली अवतरले. या तिन्ही कार्यक्रमांत मूळ फाइल केवळ वाचली जाते. वापरणाऱ्याने केलेली प्रत्येक कृती सूचनेच्या रूपाने वेगळी नोंदविली जाते. ही नोंद कार्यक्रमाच्या सूचीत, किंवा ‘एक्सएमपी’ नावाच्या, मूळ फाइलीशेजारी राहणाऱ्या छोट्याशा मजकुरी फाइलीत असते. मूळ चित्र कित्येक मेगाबाइटचे, तर त्याचे संपूर्ण संस्करण काही किलोबाइटचे. एकाच मुळावर दहा संस्करणे ठेवावयाची तर दहा चित्रे साठवावी लागत नाहीत. दहा सूचनापत्रे पुरतात. ‘गिंप’ या जुन्या मुक्त कार्यक्रमात ही सोय मार्च २०२५ मधील तिसऱ्या आवृत्तीने आणली.

व्याकरणाच्या अभ्यासकाला ही रचना परिचयाची वाटेल. पाणिनीय पद्धतीत धातू तसाच राहतो. सूत्रांच्या क्रमवार प्रवृत्तीने त्यापासून रूप सिद्ध होते, आणि सूत्र बदलले तर त्याच धातूपासून दुसरे रूप सिद्ध होते. मूलरक्षी संस्करणात पडद्यावर दिसणारे चित्र हेही असेच सिद्ध झालेले रूप होय. ते दर वेळी मूळ फाइलीपासून नव्याने घडविले जाते.

५

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत विशेष जाणवते. १९८२ साली विभक्त झालेल्या या दोन जिल्ह्यांत छायाचित्र हे पुष्कळदा एकमेव प्रमाण असते. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथील मंदिरसमूह आहे. त्याचे वर्णन कनिंगहॅम यांनी १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात केले आहे. तेथील शिल्पे, देवटेकसारखी झिजलेली शिळा, गावोगावचे उघड्यावरील कोरीव दगड, या सर्वांवर ऊनपावसाचा परिणाम चालूच असतो. अशा दगडाचे तिरप्या प्रकाशात घेतलेले छायाचित्र ही त्या दिवशीच्या त्याच्या स्थितीची नोंद असते. पुसट अक्षर वाचण्यासाठी अभ्यासक छाया गडद करतो, कडा तीव्र करतो, रंग काढून टाकतो. या क्रिया आवश्यकच आहेत. पण एका वाचनासाठी गडद केलेली छाया दुसऱ्या वाचनासाठी निर्णायक ठरणारी बारीक रेघ गिळून टाकू शकते. ब्राह्मीत एका लहान रेघेने स्वर बदलतो, आणि स्वर बदलला की विभक्ती बदलते. मूळ फाइल व सूचनापत्र दोन्ही हाती असतील तर पुढील वाचकाला पूर्वीच्या वाचकाने काय केले ते पायरीपायरीने तपासता येते. केवळ सुधारलेली जेपेग प्रत हाती असेल तर त्याला पूर्वसूरींच्या डोळ्यांनीच पाहावे लागते. फ्लीटच्या पूर्वीच्या काळात परत जाण्यासारखेच हे आहे.

दुसरे क्षेत्र वन्यजीवांचे. ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले व ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प १९९५ साली अस्तित्वात आला. वाघांची गणना पूर्वी पाऊलखुणांवरून होत असे. २००६ पासून अखिल भारतीय गणनेत स्वयंचलित कॅमेऱ्यांचा उपयोग होऊ लागला. वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या व उजव्या अंगावरील पट्टे सारखे नसतात आणि कोणत्याही दोन वाघांचे पट्टे जुळत नाहीत. २०१८-१९ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. त्यांतून ३,४८,५८,६२३ छायाचित्रे मिळाली व त्यांपैकी ७६,६५१ वाघांची होती. पट्ट्यांची जुळणी संगणक करतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत तर वाघाच्या शरीराच्या त्रिमितीय आकृतीवर पट्टे बसवून ती केली जाते. अशा कॅमेऱ्यांतून सामान्यतः रॉ फाइल मिळत नाही. जेपेग हेच तेथे मूळ असते. म्हणूनच तेथे सावधगिरी अधिक हवी. चित्र कापून, उजळून त्याच नावाने जतन केले तर पट्ट्यांचा तपशील घटतो आणि दिनांक-वेळेची नोंदही गमावण्याचा संभव असतो.

न्यायालयीन दृष्टीनेही हा प्रश्न गौण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते व त्यात ‘हॅश’ या अंकीय ठशाचा उल्लेख करावा लागतो. फाइलीतील एक बिट जरी बदलला तरी हा ठसा बदलतो. संस्करणाची नोंद शेजारच्या स्वतंत्र फाइलीत राहिली तर मुळाचा ठसा अबाधित राहतो. मात्र काही कार्यक्रम सांगितल्यास आपली टिपणे जेपेग वा डीएनजी फाइलीच्या आतच लिहितात. तेथे चित्र शाबूत असले तरी ठसा बदलतो. शिकारीच्या खटल्यात पुरावा म्हणून यावयाच्या छायाचित्राच्या बाबतीत हा बारकावा मोलाचा ठरतो.

६

मूलरक्षी पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पहिली मर्यादा परावलंबनाची. सूचना वाचणारा कार्यक्रम नाहीसा झाला तर सूचना मुक्या होतात. ॲपर्चरचा विकास थांबविण्याची घोषणा २०१४ साली झाली आणि २०१५ साली त्याची विक्री बंद झाली. मूळ फाइली सुरक्षित राहिल्या, पण त्यांवरील संस्करणांच्या सूचना अन्य कार्यक्रमांना जशाच्या तशा समजू शकल्या नाहीत. ‘पिकासा’ या लोकप्रिय कार्यक्रमाचीही २०१६ साली अखेर झाली. शिवाय सूचनापत्र मूळ फाइलीपासून दुरावले की समासावाचून उरलेल्या पानासारखी स्थिती होते.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. मूळ राखले म्हणजे संस्करण प्रामाणिक झाले, असे नव्हे. २०२३ पासून प्रचलित चित्रकार्यक्रमांत कृत्रिम बुद्धीच्या साहाय्याने चित्राचा नसलेला भाग निर्माण करण्याची सोय आली आहे. असा भाग स्वतंत्र थरावर राहतो, म्हणजे तांत्रिक अर्थाने तो मूलरक्षीच असतो. पण झिजलेल्या शिळेवरील अक्षर असा कार्यक्रम ‘स्पष्ट’ करतो तेव्हा ते त्या दगडातून येत नाही. त्याने पूर्वी पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून ते रचलेले असते. पाठचिकित्सेत यास संपादकाची कल्पित दुरुस्ती म्हणतात. ती निषिद्ध नाही, पण तिच्यावर तशी खूण असली पाहिजे. सुखठणकरांच्या नागमोडी रेघेची येथे नितांत आवश्यकता आहे. चित्राचा उगम व त्यावरील संस्कार यांची नोंद चित्रासोबत ठेवण्याचे मानक सिद्ध करण्यासाठी २०२१ साली ‘सीटूपीए’ ही संघटना स्थापन झाली. ती या दिशेने झालेली एक चळवळ आहे.

तिसरी गोष्ट अशी की, रॉ फाइल हीही अंतिम सत्य नव्हे. कोठे उभे राहावयाचे, कोणत्या वेळी, कोणत्या कोनातून, हे निर्णय कॅमेऱ्याची कळ दाबण्यापूर्वीच झालेले असतात. हस्तलिखित हे जसे ग्रंथकाराच्या मनातील ग्रंथ नसून त्याचा एक साक्षीदार असते, तसेच रॉ फाइलीचे आहे. साक्षीदाराचे म्हणणे पूर्ण सत्य नसते. पण त्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार संपादकाला नसतो.

७

या विवेचनावरून असा निष्कर्ष निघतो की, मूलरक्षी संस्करण ही केवळ छायाचित्रकाराच्या सोयीची बाब नसून संशोधनशिस्तीचा एक भाग आहे. तिचा व्यवहार तीन अंगांनी व्हावयास हवा. कॅमेऱ्यातून आलेली फाइल नाव व दिनांकासह अस्पर्श ठेवावी आणि तिच्या प्रती निदान दोन ठिकाणी असाव्यात. संस्करणाच्या सूचना तिच्याबरोबरच जतन कराव्यात. या दोहोंवरून सिद्ध केलेली, कोणत्याही संगणकावर उघडता येईल अशी एक पक्की प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. हस्तलिखित, पाठभेदांची नोंद आणि सिद्ध पाठ, अशी जी तीन अंगे चिकित्सक आवृत्तीला असतात तीच ही होत. यासाठी मोठा खर्च लागत नाही. डार्कटेबलसारखे मुक्त कार्यक्रम कोणत्याही महाविद्यालयाला विनामूल्य उपलब्ध आहेत. लागते ती फक्त जतन करण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची सवय.

देवटेकच्या शिळेवर दुसरा लेख कोरणाऱ्या कारागिरापुढे एकच शिळा होती. नवे लिहावयाचे तर जुन्याला बाध येणे क्रमप्राप्त होते. आजच्या अभ्यासकापुढे अशी सक्ती नाही. त्याच्या हाती हरताळही आहे आणि काकपदही आहे. पुढील पिढीतील एखाद्या मिराशींना जुनी अक्षरे वाचता येतील की नाही, हे तो त्यांपैकी काय उचलतो यावर अवलंबून राहील.